शंभर वेढ्यांचं भांडण

भाऊ, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही उत्तर देणार नाही हे माहीत असून बसले आहे. तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तेराव्याला तुमच्या घरी वाढप करत होते तेव्हा सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कधी आवाज चढला नाही. मी पोळ्या वाढत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यांच्यापैकी कोणीच देवरे भाऊंना ट्रान्सफॉर्मर निवडताना पाहिलेलं दिसत नाही.

सटाण्याकडच्या एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" नात्यातली मी नाही, गल्लीतली नाही, तुमच्या सातपूरच्या कारखान्यातलीही नाही. मी म्हटलं, "मी त्यांचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे." बाईंनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, दुःखाने बाई भ्रमिष्ट झाली आहे.

आपली ओळख झाली ते कॅसेटचे दिवस होते. अंबडला आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. त्यात पाच बायका, पाच हातमशीनं आणि एक शेठ. मी सगळ्यात नवी, तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. घरी दादाने मोठ्या मुश्किलीने होकार दिला होता. "तीन महिने बघ. ठेवलं तर ठेवलं, काढलं तर गपचूप घरी बसायचं आणि आम्ही दाखवू त्या मुलाला हो म्हणायचं," असं त्याने बजावून ठेवलं होतं. त्यामुळे मी त्या मशीनवर अशी बसायचे की जणू परीक्षेचा पेपर चालला आहे.

आमच्या मशीनचा आकडा नव्याण्णवपर्यंतच जायचा, मग परत शून्य. शेकडे लक्षात ठेवायला प्रत्येकीपुढे दोन वाट्या असायच्या आणि मूठभर चिंचोके. तारेचे शंभर वेढे झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मोजणारीशी कोणी बोलायचं नाही हा नियम होता. कोणी बोललंच, तर तिने उत्तर म्हणून चालू आकडा सांगायचा, म्हणजे मोजणीही सुटत नाही आणि समोरचा काय ते समजतो. "चहा आला गं." "बेचाळीस." "तुझा नवरा आलाय बाहेर." "एकोणसत्तर." नव्या माणसाला वाटायचं, इथे सगळ्यांची डोकी फिरली आहेत.

तुम्ही तसेच नवे होतात. लुना बाहेर लावून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून आत आलात आणि नेमके माझ्यासमोर उभे राहिलात.

"ताई, पस्तीस-शून्य-पस्तीस व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळेल का?"

"छप्पन्न," मी म्हटलं.

"नाही नाही, पस्तीस."

"सत्तावन्न."

"अहो, छप्पन्न-सत्तावन्नचं काय करू? माझे कॅपॅसिटर उडतील ना."

बाकीच्या चौघी मशीनं थांबवून हसायला लागल्या. तुम्ही आधी बावरलात आणि मग स्वतःही हसलात. माझी मोजणी तिथेच सुटली आणि मला सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस माझ्या मोजणीच्या मुळावर उठला आहे.

घरी जुळवायच्या ॲम्प्लिफायरसाठीची तुमची ऑर्डर शेठने ऐकली आणि कागदावर हिशेब मांडला. दोन बाजूंना पन्नास-पन्नास वॉटचा आवाज, म्हणजे दीडशेचा ट्रान्सफॉर्मर झाला तरी पुष्कळ. तुम्ही म्हणालात, तीनशेचा करा. शेठ म्हणाला, "अहो देवरे, लग्नाच्या मांडवात वाजवणार आहात का?" तुम्ही म्हणालात, "घरात वाजवणार. पण हाताला जड लागला पाहिजे." साधी भाजी घेताना दोन दुकानं फिरणारा माणूस इथे मात्र दुप्पट लोखंड मागत होता. आणि पिशवीतून व्होल्टेज मोजायचा तुमचा तो पिवळा मीटर डोकावत होता, लोकांच्या पिशवीतून मेथी डोकावते तसा.

चार दिवसांनी तुम्ही पुन्हा आलात. ट्रान्सफॉर्मर तयार झाला का विचारायला नव्हे, तो होताना बघायला. मी आतली गुंडाळी करत होते, भिंतीतली वीज जिच्यात शिरते ती. सहाशे नव्वद वेढे. म्हणजे सहा चिंचोके आणि वर नव्वद. तुम्ही बाजूला स्टूल ओढून बसलात आणि बोलायला लागलात. लोक स्पीकर बघतात, पेटी बघतात, पुढचे लाल-हिरवे दिवे बघतात. पण आवाज येतो कुठून? भिंतीतल्या सॉकेटातून. मध्ये हा बसलेला असतो. ढोलकीवर जोरात थाप पडली की ॲम्प्लिफायर एकदम मोठा घास मागतो. हा लहान असला तर घास देताना वाकतो, व्होल्टेज खाली बसतं आणि थापेचा नुसता फुसका बार होतो. म्हणून माणसाने आधी ट्रान्सफॉर्मर निवडावा, मग वीज साठवणारे कॅपॅसिटर, आणि उरलेल्या पैशात बाकीचं काय बसेल ते.

मी "बारा" म्हटलं, "तेरा" म्हटलं, "एकोणीस" म्हटलं. तुम्ही थांबेचनात. शेवटी माझ्या तोंडून वाक्य निघालंच. "एवढा ठोकळा घेऊन गाणी ऐकणार आहात की पीठ दळणार आहात?"

तुम्ही इतके मोठ्याने हसलात की शेठने वर पाहिलं. मी खाली पाहिलं, तर माझ्या चिमटीत एक चिंचोका होता. या शंभराचा चिंचोका अजून टाकायचाच होता की तो टाकून झाल्यावर मी हा दुसराच उचलला होता, मला आठवेना. आकडा शून्याच्या जरा पुढे होता, त्याचा काही उपयोग नव्हता. सगळं उलगडायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात एकदा तुमच्याचपायी उलगडून झालं होतं, शेठ बघत होता आणि माझे तीन महिने संपायला नऊ दिवस उरले होते. मी तो चिंचोका झालेल्यांच्या वाटीत टाकला आणि हँडल फिरवायला लागले. शेठकडची तपासणी म्हणजे शेवटी बल्ब लागतो का बघायचं. बल्ब लागला.

पुढे काय झालं ते वहिनींनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे होते असंच वाटतं. तुमच्या कारखान्याची सुट्टी होती. सातपूर-अंबडची मशीनं बंद पडली की आपल्या भागात व्होल्टेज चढायचं, पंखे पिसाटल्यासारखे फिरायचे. दुपारची जेवणं झाली होती, कॅसेट लावलेली होती. आधी गुणगुण आली, मग वार्निश जळल्याचा वास, मग शोकेसमागून धूर. वहिनी पाण्याची कळशी घेऊन धावल्या आणि त्यांना थांबवायचं की प्लग काढायचा यात तुमची एवढी धांदल उडाली की तुम्ही शेवटी लाथेने प्लग काढलात. शोकेसची मागची बाजू काळी झाली ती कायमची.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्कशॉपवर आलात ते नवा ट्रान्सफॉर्मर सांगायला. जळका पिशवीतच होता, पण वास लपतो का? शेठने पिशवी उघडली आणि वही काढली. "कोणी गुंडाळला हा?" वहीत माझं नाव होतं. मी उभी राहिले. शेठ माझ्याकडे न बघताच म्हणाला, "उद्यापासून येऊ नको, बाई. माझ्या दुकानाचं नाव जाईल."

माझ्या डोळ्यांसमोर दादा उभा राहिला आणि त्याने निवडून ठेवलेला तो मुलगाही.

आणि तुम्ही म्हणालात, "शेठ, तिला कशाला? माल चांगला होता. मीच फ्यूजच्या जागी तार घातली होती."

"तार?"

"हो. फ्यूज उडत होता. म्हटलं, तार टाकून बघू."

शेठ पोट धरून हसला. "कारखान्यात मेंटेनन्सला आहात ना तुम्ही? आणि घरी फ्यूजच्या जागी तार?" खोलीतल्या सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे तुमचं नाव 'तारवाले देवरे' पडलं, ते तुमच्या कारखान्यापर्यंत पोहोचलं. इलेक्ट्रिशियन माणसाला यापेक्षा मोठी शिवी नसेल. तुम्ही ते नाव वर्षानुवर्षं मुकाट्याने वागवलंत. माझे तीन महिने पुरे झाले आणि मी राहिले.

त्या दिवशी मी तुमच्या मागोमाग बाहेर आले होते. तुम्ही लुनाला पाय मारत होता.

"भाऊ, खरं सांगा. माझा एक शंभर चुकलाय."

"नाही चुकला."

"चिंचोका माझ्या हातात होता. मला माहीत आहे."

"आणि तार माझ्या हातात होती, ती मला माहीत आहे. चूक तारेची, ताई. डोक्यातून काढून टाका."

"तुम्ही बोलला नसतात तर आज माझं काम... मी तुमचे आभार..."

"लुना गरम झाली, निघतो," म्हणालात आणि गेलात. लुना सुरूसुद्धा झाली नव्हती. तिला रेटत कोपऱ्यापर्यंत पळत गेलात.

तिथून सुरू झालेलं भांडण अकरा वर्षं चाललं. लोक दुसऱ्याची चूक दाखवायला भांडतात. आपण दोघं स्वतःची चूक सिद्ध करायला भांडत होतो. मला ते जळकं वेटोळं उलगडून मोजायचं होतं. सहाशे नव्वद भरले तर चूक तुमच्या तारेची, पाचशे नव्वद भरले तर माझी. आणि माझी असेल तर तुम्ही माझ्यासाठी भर खोलीत स्वतःचं हसं करून घेतलंत, याबद्दल मला तुमचे आभार मानायचे होते. एवढंच माझं म्हणणं होतं. तुम्ही तो ट्रान्सफॉर्मर मला हात लावू देत नव्हता. घरी नेऊन दाराला अडण म्हणून ठेवलात. "जड आहे, वाऱ्याने दार आपटत नाही," म्हणे. मी दोनदा तो पळवायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा पिशवीचे बंद तुमच्या फाटकातच तुटले. दुसऱ्यांदा तुम्ही मला हसत हसत बसस्टॉपपर्यंत सोडायला आलात, "पिशवी द्या, जड दिसतेय," म्हणून हातात घेतलीत आणि बस आल्यावर ती घेऊन परत घरी गेलात. माझा डबाही त्याच पिशवीत होता.

मी सिडकोत स्वतःचं मशीन घेतलं तेव्हा पहिला ट्रान्सफॉर्मर तुम्हीच सांगितलात आणि मग एकेक गिऱ्हाईक घेऊन यायला लागलात. शिफ्ट सुटली की सातपूरची, अंबडची मुलं यायची. कोणाला खोलीत वाजवायचा असायचा, कोणाला बहिणीच्या लग्नात. तुम्ही मला शिकवलंत की माणूस किती वॉट मागतो ते ऐकून घ्यायचं आणि मग आपले प्रश्न विचारायचे. खोली केवढी, स्पीकर कोणता, सलग किती तास वाजणार, घरात संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं. पस्तीस एसीचे पुढे पन्नास डीसी होतात, म्हणून कॅपॅसिटर त्रेसष्ट व्होल्टपर्यंत सोसणारा घ्यावा, पन्नासचा घेऊन देवाचं नाव घेऊ नये, हेही तुमचंच. मी दहावी पास बाई, एक पूर्णांक चारने गुणायला तुमच्याकडून शिकले. आजही भाजीवाल्याकडे भाव ऐकला की मनात आधी तोच गुणाकार होतो.

तुमची रीत ठरलेली होती. नवा ट्रान्सफॉर्मर हातात आला की आधी मीटर. मग जुन्या शेगडीची कॉइल जोडून तिला लाल करायची आणि पुन्हा मीटर. लोड टाकल्यावर किती वाकतो ते बघायचं, हात ठेवून किती तापतो ते बघायचं, आणि मगच पेटीत बसवायचा. मी गुंडाळलेला असला तरी. "माझ्यावर विश्वास नाही का?" मी चिडायचे. "तुझ्यावर आहे, तारेवर नाही," तुम्ही म्हणायचा. एव्हाना 'ताई, तुम्ही'ची 'निर्मला, तू' झाली होती, कधी ते लक्षातही आलं नाही.

आणि तो गोल ट्रान्सफॉर्मर आठवतो? कुठल्यातरी मासिकात तुम्ही पाहिलात, मोठ्या बांगडीसारखा, गुणगुण अजिबात न करणारा. मशीनवर होईना, कारण तार प्रत्येक वेढ्याला बांगडीच्या भोकातून ओवावी लागते. तुम्ही येवल्याला जाऊन विणकराचा धोटा घेऊन आलात. पैठणी विणते ती वस्तू तार ओवणार नाही होय! तो धोटा बांगडीच्या भोकात शिरेचना. तुम्ही तो या बाजूने घालून पाहिलात, त्या बाजूने घालून पाहिलात, जरा तासूया का म्हणालात. आमचे हे बाहेरच्या खोलीत बसून हसत होते. शेवटी मुलांच्या फूटपट्टीला दोन्ही टोकांना खाचा पाडल्या, तिच्यावर तार गुंडाळली आणि तुमच्या दोन सुट्ट्या आणि माझी बोटं त्यात खर्ची पडली. तुम्ही समोर बसून अक्षरही बोलत नव्हता. मीच वैतागून म्हटलं, "काहीतरी बोला हो, झोप येतेय." तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत. तो गोल ट्रान्सफॉर्मर अजून तुमच्या घरी आहे आणि कान लावला तरी तो ऐकू येत नाही.

आपण खरोखर भांडलोही आहोत. एका मुलाला मी म्हटलं होतं, दोनशेचा पुरेल. तुम्ही माझ्यासमोर त्याला म्हणालात, तीनशेचा घे. माझ्या घरात, माझ्या मशीनसमोर! मी दोन महिने तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही दर आठवड्याला यायचा, चहा प्यायचा, यांच्याशी पावसापाण्याचं बोलायचा आणि जायचा. शेवटच्या वेळी जाताना दारातून म्हणालात, "दोनशेचाच पुरला असता. पण मुलगा पुढे मोठे स्पीकर घेणार, मला माहितीय." म्हणजे माफी मागतानाही शंभर वॉट वाढवूनच मागितलीत. आणि मुलाने पुढे घेतलेच मोठे स्पीकर, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

मग कॉम्प्युटरमधल्या त्या हलक्या पॉवर सप्लायचे दिवस आले. त्यात ना लोखंड, ना वजन, तळहातावर मावणारा डबा. माझ्या पोटावर पाय आणणारी वस्तू, आणि तिची वकिली मीच करायचे. म्हणायचे, "भाऊ, जग बदललं. हा हलका आहे, गरम होत नाही, व्होल्टेज पडलं तरी वाकत नाही." तुम्ही नाक मुरडायचा. "शिटी वाजते त्यात." शिटी तुमच्याखेरीज कोणाला ऐकू यायची नाही. मी तुम्हाला डोळे बांधून दोन्ही ऐकवणार होते, कोणता कुठला ते ओळखा म्हणून. तुम्ही गेलात त्याच महिन्यात करायचं ठरलं होतं. तुम्ही ओळखलं असतंत, असं मला आता वाटतं. नसतं ओळखलं तरी तुम्ही ते मान्य केलं नसतंत.

तेराव्याला सगळे गेल्यावर मी वहिनींना विचारलं, दाराचा तो ट्रान्सफॉर्मर नेऊ का? त्या त्यांच्या बोलीत म्हणाल्या, "लई जा. आते कोन आडावनार शे?" त्यांनीच जाड पिशवी दिली, बंद तपासून.

दोन दुपारी लागल्या मला, भाऊ. लोखंडाच्या पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या एकेक ठोकून काढल्या. बाहेरची गुंडाळी कापून बाजूला केली. आतली तार काळी पडली होती, थर सोडवताना तुटत होती, प्रत्येक तुकडा मोजून कागदावर लिहीत गेले. घरात कोणी माझ्याशी बोललं नाही, हे मुलांना घेऊन बाहेर गेले होते. बेरीज तीनदा केली. पाचशे नव्वद.

मी मोठ्याने ओरडले. जिंकले होते मी! अकरा वर्षं सांगत होते, माझा एक शंभर गेला. तसाच गेला होता. चपला घालून तुम्हाला सांगायला निघालेसुद्धा. दारापर्यंत गेले आणि मग तिथेच उभी राहिले.

थोड्या वेळाने परत येऊन कागदाजवळ बसले, तेव्हा डोकं चालायला लागलं. आत शंभर वेढे कमी, म्हणजे बाहेर व्होल्टेज जास्त. हिशेब केला. पस्तीसच्या जागी एकेचाळीस. चांगले सहा व्होल्ट. आणि तुम्ही मीटर लावल्याशिवाय कुठलाही ट्रान्सफॉर्मर पेटीत बसवत नव्हता. मीटर तर पहिल्या दिवसापासून पिशवीत होता. तो एकेचाळीस दाखवत होता आणि तुम्ही तो बसवलात. फ्यूज सारखा उडत होता तो माझ्याच शंभर वेढ्यांपायी उडत होता. एवढ्या वर्षांच्या इलेक्ट्रिशियनला ते कळलं नाही, असं मी मानू? कळलं होतं. कळूनही तार घातलीत.

मी तशीच वहिनींकडे गेले. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी कागद दाखवला आणि म्हटलं, "वहिनी, पाचशे नव्वद भरले." त्यांना कागदातलं काही कळत नव्हतं, पण त्या कागदाकडे बघून हसल्या.

"त्यास्नी तवयच मोजेल व्हतं, बाई. माले म्हणे, एकेचाळीस ई ऱ्हायनात. मी म्हणनू, मंग परत लई जा ना. ते म्हणे, परत लई जासू ते त्या पोरनं काम जाई."

"माझं काम जाऊ नये म्हणून! आणि तुम्ही मला इतकी वर्षं सांगितलं नाहीत?"

"माले शपथ घालेल व्हती त्यास्नी." त्यांनी पाकळ्यांची सालं फुंकून उडवली. "कॅपॅसिटर मोठा शे, काही व्हत नई, आशे म्हणेत. मंग घर पेटाले आलं ते गुपचूप बसनात."

म्हणजे मोजणी मी चुकले, हे खरं. आणि एकेचाळीस दिसत असूनही तुम्ही वीज सोडलीत, हेही खरं. त्रेसष्टचे कॅपॅसिटर तग धरतील एवढाच हिशेब तुम्ही केलात, सुट्टीच्या दिवशी व्होल्टेज चढलं की ते लोखंड कसं तापेल याचा केला नाहीत. दुसऱ्या कोणाचा माल असता तर केला असतात. माझा होता, म्हणून तुम्हाला तो चांगलाच ठरवायचा होता. अकरा वर्षं आपण दोघंही खरंच बोलत होतो आणि एकमेकांना खोटं पाडत होतो.

तो एक ट्रान्सफॉर्मर तुम्ही परत आणला असतात, तर ते चुकीचंही नव्हतं. सगळेच आणतात. मी त्या आठवड्यात घरी बसले असते, दिवाळीनंतर लग्न होऊन कुठल्यातरी गावी गेले असते. हे मशीन नसतं, हा धंदा नसता, कदाचित आमचे हेही नसते. तुम्ही शोकेस जाळून घेतलंत, नाव घालवून घेतलंत, आणि वर मलाच दर वेळी गप्प केलंत. मी आभाराचा 'आ' काढला की तुमची लुना गरम व्हायची, नाहीतर चहा गार व्हायचा, नाहीतर यांच्याकडे काहीतरी काम निघायचं.

काल वहिनींच्या ओट्यावर बसून मी ते वाक्य म्हटलं. वहिनी आत गेल्या होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "भाऊ, तुमच्यामुळे माझं काम राहिलं. मी तुमचे आभार मानते." पहिल्यांदाच ते वाक्य शेवटपर्यंत गेलं. कोणी तोडलं नाही. मी वाट पाहिली. मग इतका राग आला तुमचा, आणि इतकं रडू आलं, की लसणाची ताटली मांडीवरून सांडली.

पुन्हा एकदा म्हणते आहे, ऐका. तुमच्यामुळे माझं काम राहिलं, भाऊ. मी तुमचे...

तोडा ना.